सांगून झिजणारे भाग आणि न सांगता तुटणारे भाग

वाचकांचा प्रश्न, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातील एक वाचक रोज खंबाटकी घाट ओलांडून शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. जाऊन-येऊन सुमारे ७० किलोमीटर होतात. दुचाकी २०१९ची, १५० सीसीची, पुढे डिस्क ब्रेक आणि एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), मागे ड्रम ब्रेक. आठवड्यातून दोन-तीनदा पत्नीही मागे बसून येतात. गाडीचे बरेच काम एकदम निघाले आहे: पुढचे डिस्क पॅड, मागचे ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट किट, पडल्यामुळे वाकलेला ब्रेक लिव्हर, आरसे आणि हेडलाइटचा बल्ब. कंपनीच्या भागांचा खर्च मजुरी सोडून ४,४०० रुपयांच्या आसपास जातो. मेव्हण्यांनी सुचवल्यावरून त्यांनी हेच सगळे भाग ऑनलाइन मागवले, ते १,७०० रुपयांत घरी आले. सगळा माल आयात केलेला असून डब्यांवर गाड्यांची नावे आणि चकचकीत छपाई आहे, मात्र बनवणाऱ्याचे नाव कुठेच नाही. गॅरेजवाले म्हणतात, "सगळा माल एकाच कारखान्यातून येतो, फक्त डबा बदलतो." मेव्हण्यांच्या गाडीला दोन वर्षे असेच पॅड आहेत आणि काही झालेले नाही. पत्नी मात्र म्हणतात की ब्रेकमध्ये पैसे वाचवू नयेत. माल परत करण्याची मुदत संपत आली आहे. "हे भाग बसवणे सुरक्षित आहे का? गाडीला एबीएस असल्यामुळे थोडाफार फरक पडला तरी चालेल ना?" असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर

तुमच्या हातात वेळ थोडा आहे, म्हणून आधी निर्णय सांगतो आणि कारणे मागून देतो. डिस्क पॅड, ब्रेक शू आणि ब्रेक लिव्हर परत करा. चेन-स्प्रॉकेट किटही परत करा, पण त्यामागे सुरक्षिततेइतकाच पैशाचा हिशेब आहे. बल्ब परत करण्याचे कारण वेगळे आहे, ते पुढे येईल. आरसे नीट बसत असतील आणि त्यांत मागचा रस्ता न थरथरता दिसत असेल, तर खुशाल ठेवा.

सहा वस्तूंना तीन-चार वेगळी उत्तरे मिळतात हे पाहून तुम्हाला कदाचित नवल वाटेल. तुम्ही सहाही भाग एकाच खरेदीत घेतलेत, त्यामुळे त्यांच्याबद्दलचा प्रश्नही एकच झाला: बसवायचे की नाही. तो प्रश्न फोडून प्रत्येक भागाला वेगळा विचारला, तर उत्तरे आपोआप निघू लागतात आणि अर्धा संभ्रम तिथेच मिटतो.

पत्रात तुम्ही "आयात" हा शब्द काहीशा धास्तीने वापरला आहे. मला त्यात मोठी अडचण दिसत नाही. आज रस्त्यावर धावणाऱ्या जवळपास कोणत्याही दुचाकीत परदेशातून आलेले काही ना काही भाग असतातच, आणि ते कारखान्यातच बसवलेले असतात. उलट, परदेशी नावाचा भाग आपल्या शेजारी तयार झालेला असू शकतो: ब्रेम्बो ही ब्रेक बनवणारी इटालियन कंपनी असली, तरी तिचे ‘बायब्रे’ नावाचे ब्रेक पुण्याजवळ बनतात आणि भारतातल्या अनेक गाड्यांवर येतात. चीनमध्ये उत्तम भाग बनतात, तसेच अगदी टाकाऊही बनतात. दिल्लीतल्या एखाद्या गल्लीत बनलेला पॅड "भारतीय" असूनही तुमच्या डब्यातल्या पॅडपेक्षा वाईट निघू शकतो. त्यामुळे भाग कोणत्या देशातून आला, याला दुय्यम महत्त्व आहे. तो बिघडला तर जबाब कोण देणार, हे आधी पाहायला हवे.

आपल्याकडे वेष्टनबंद मालासाठी २०११ पासून नियम आहेत. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहकाने तक्रार कुठे करायची याचा तपशील असायला हवा. तुमच्या डब्यावर यातले काहीच नाही असे तुमच्या वर्णनावरून दिसते. ज्याने एवढी किमान ओळखही छापलेली नाही, त्याने पॅडमध्ये कोणते मिश्रण घातले आहे आणि ते किती तापमानापर्यंत टिकते, हे तपासून पाहिले असेल असे मानायला काहीच आधार नाही. तो पॅड वाईटच असेल असेही मी म्हणत नाही. तो चांगला आहे की वाईट हे कळायला तुम्हाला काही मार्गच ठेवलेला नाही, आणि ब्रेकच्या बाबतीत एवढे कारण नाकारायला पुरेसे आहे.

गॅरेजवाल्यांचे म्हणणे निव्वळ खोटे नाही. एकच कारखाना मोठ्या कंपनीलाही माल देतो आणि खुल्या बाजारातही विकतो, असे घडते. पण एकाच छपराखाली दोन प्रकारचा माल निघू शकतो: एक ठरवून दिलेल्या मिश्रणाचा, प्रत्येक घाण्यातून नमुने काढून तपासलेला, आणि दुसरा स्वस्त मिश्रणाचा किंवा पहिल्या तपासणीत बाजूला पडलेला. डब्याबरोबर तपासणीही बदलते, आणि किमतीतला मोठा फरक तिथूनच येतो. आपल्याकडे ‘एआयएस-०३७’ या मानकात सुरक्षेच्या दृष्टीने कळीच्या भागांना मंजुरी कशी द्यायची आणि पुढचे उत्पादन त्याच दर्जाचे राहते आहे का हे कसे पाहत राहायचे, याची पद्धत दिलेली आहे. यातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एक चांगला नमुना बनवणे फारसे अवघड नसते. हजारावा तुकडा पहिल्यासारखाच निघाला पाहिजे, आणि त्यालाच पैसे लागतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कोणत्याही भागाबद्दल मी आधी असे विचारतो की हा भाग निकामी होण्याआधी मला सांगेल का? गाडीचे बहुतेक चांगले भाग सांगतात. चेन कुरकुरते आणि सैल पडते. बेअरिंग गुणगुणू लागते. चांगल्या डिस्क पॅडला मध्ये खाच असते. ती पुसली गेली की पॅड संपत आला हे डोळ्यांना दिसते. मागच्या ड्रमच्या झाकणावर बऱ्याच गाड्यांना एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचला की शू झिजले असे समजायचे. ही सूचना भागातच घडवलेली असते आणि आपण तिचेही पैसे मोजतो. स्वस्त भागात बहुधा सर्वांत आधी तीच वगळली जाते. नकली शूची जाडी किंवा गोलाई चुकली, की तो बाण असूनही खोटे बोलतो.

तुमच्या डब्यातला पॅड एकदा हातात घेऊन पाहा. त्याचे दोन भाग असतात: मागची पोलादी पट्टी आणि तिच्यावर उष्णता व दाब देऊन चिकटवलेले घर्षणाचे मिश्रण. चांगल्या पॅडच्या पट्टीला भोके किंवा खाचा असतात, त्यांत हे मिश्रण शिरून बसते, म्हणजे केवळ चिकटण्यावर सगळी मदार राहत नाही. दोघांच्या जोडावर, कडेने, नख फिरवा. तिथे केसाएवढी फट जाणवली, कोपरा भुगा होऊन सुटला, किंवा मिश्रणात बारीक तडा दिसला, तर तो पॅड तापल्यावर पट्टीपासून सुटू शकतो. तसे झाले तर लिव्हर दाबूनही पोलादावर पोलाद घासण्यापलीकडे काही होत नाही, आणि याची आगाऊ खबर तुम्हाला मिळत नाही. पट्टीची भोके कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिनांवर सहज सरकतात का, हेही पाहा. घट्ट बसवण्यासाठी कानशीने घासावे लागत असेल, तर तो पॅड त्या गाडीचा नाही. मात्र हेही लक्षात घ्या की ही तपासणी वाईट माल ओळखायला उपयोगी पडते, चांगला माल सिद्ध करायला नाही. डोळ्यांना निर्दोष दिसणारा पॅडही उतारावर तापल्यावर पकड सोडू शकतो, कारण मिश्रणातली राळ अति तापली की वायू सोडते आणि पॅड डिस्कवरून जणू घसरू लागतो. गावातल्या रस्त्यावर हे कधी कळणारच नाही. घाटात, मागे पत्नी बसलेल्या असताना, पुढे ट्रक अचानक थांबला की तेव्हा कळेल.

फरक किती पडतो याचा अंदाज साध्या गणिताने येतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. चांगल्या ब्रेकने कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी झाला, तर गाडी सुमारे २३ मीटरमध्ये थांबते. पकड कमी असल्याने तोच दर ४ झाला, तर सुमारे ३५ मीटर लागतात. म्हणजे पहिली गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथून पुढे दुसरी आणखी १२ मीटर जाते, आणि त्या जागेवरून जाताना तिचा वेग अजून ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो. यात माणसाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ धरलेला नाही. उतार असेल तर दोन्ही आकडे वाढतात.

इथेच तुमच्या एबीएसच्या भरवशाचाही विचार करायला हवा. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले ते नव्या मॉडेलसाठी एप्रिल २०१८ पासून आणि आधीच्या मॉडेलसाठी एप्रिल २०१९ पासून, आणि ते फार चांगले झाले. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढेच त्याचे काम आहे. पॅडला पकडच कमी असेल तर चाक जाम व्हायची वेळच येत नाही आणि एबीएसला काही करायला उरत नाही. नसलेले घर्षण ते निर्माण करू शकत नाही. शिवाय तुमच्या गाडीचे एबीएस पुढच्याच चाकाला असेल, कारण मागे ड्रम आहे.

लिव्हरबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण तो निरुपद्रवी दिसतो आणि बहुतेक जण त्याच्याकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहतात. रंगीत, घडी होणारे, संगणकावर चालणाऱ्या (सीएनसी) यंत्रावर कापलेले लिव्हर देखणे असतात आणि त्यांतले काही मजबूतही असतात. पण ब्रेक लिव्हरचे आतले टोक मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या नळकांड्याच्या, पिस्टनला टेकते, आणि तिथे अगदी बारीक मोकळीक असावी लागते. लिव्हर सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला तरच सिलिंडरमधले एक लहानसे छिद्र उघडे राहते आणि तापून फुगलेले ब्रेक ऑइल वरच्या टाकीत परत जाते. लिव्हरचे टोक अर्धा मिलिमीटर जरी जास्त लांब असले तरी पिस्टन किंचित दाबलेलाच राहतो आणि ते छिद्र झाकले जाते. मग थोडे अंतर गेल्यावर डिस्क तापते, ऑइल फुगते, त्याला वाट मिळत नाही, आणि पुढचा ब्रेक हळूहळू आपणहून लागू लागतो. शेवटी चाक अडते. गाडी उभी करून पाच मिनिटे थांबले की सगळे थंड होऊन पुन्हा ठीक चालते, त्यामुळे गॅरेजमध्ये दोष सापडतही नाही. याखेरीज काही नकली लिव्हरना ब्रेक लाइटचा स्विच दाबणारा भाग नीट नसतो. पुढचा ब्रेक लावल्यावर मागचा दिवा लागत नाही आणि मागून येणाऱ्याला तुम्ही थांबताय हे कळत नाही. कंपनीच्या लिव्हरच्या टोकाला गोळा असतो, तोही उगाच नसतो. पडल्यावर ते टोक कोणाच्या अंगात घुसू नये म्हणून असतो. या एका भागावर वाचणारी रक्कम सहा भागांत बहुधा सर्वांत कमी असेल. नवा लिव्हर कंपनीचाच घ्या.

मेव्हण्यांचा अनुभव मी धुडकावून लावत नाही. दोन वर्षे त्यांच्या गाडीला काही झाले नाही, हे खरे मानून चालू. पण ब्रेकची खरी परीक्षा रोजच्या थांबण्यात होत नाही, ती वर्षातून एखाद्या वेळी होते, आणि ज्यांच्या गाडीवर ती वेळ अजून आलेली नाही त्यांचा अनुभव "काही झाले नाही" असाच असणार. शिवाय ते घाटातून रोज जातात का, मागे कोणी असते का, आणि दोन वर्षांपूर्वी आलेला डबा आणि आज आलेला डबा एकाच कारखान्याचा आहे का, हे तुम्हालाही ठाऊक नाही. डब्यावर नावच नाही म्हटल्यावर ते कळणार तरी कसे? वाद घालण्यापेक्षा पुढच्या भेटीत त्यांच्या पॅडचे जोड नखाने तपासून पाहा, ते अधिक कामाचे ठरेल.

चेन-स्प्रॉकेट किट हा सांगून झिजणारा भाग आहे, म्हणून त्याच्याबाबत मी थोडा सैल आहे. तरी तुमच्या वापरात स्वस्त किट महाग पडण्याची शक्यता जास्त. महिन्याला २५ दिवस धरले तर तुम्ही १,७५० किलोमीटर चालवता. समजा कंपनीचे किट १,८०० रुपयांना आले आणि वेळेवर तेल-सफाई करून २०,००० किलोमीटर टिकले, तर किलोमीटरला ९ पैसे पडतात. स्वस्त किट ७०० रुपयांना आले आणि ७,००० किलोमीटरला संपले, तर १० पैसे पडतात, आणि वर्षाला एकदा ऐवजी तीनदा मजुरी द्यावी लागते, ती वेगळीच. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या जुन्या पावत्या काढून स्वतःचे आकडे घाला. अगदी स्वस्त चेनचा आणखी एक धोका म्हणजे तिचे लॉक, म्हणजे चेनची दोन टोके जोडणाऱ्या कडीवरची क्लिप. ते निघाले आणि चेन सुटून इंजिनच्या बाजूला अडकली, तर मागचे चाक जाम होते किंवा इंजिनचे आवरण फुटते. लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला असली पाहिजे. चेन बसवून झाल्यावर स्वतः वाकून पाहा, कारण घाईत उलटे बसवलेले लॉक मी अनेकदा पाहिले आहे. चेन संपली का हे पाहायचे असेल, तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला ती बोटांनी बाहेर ओढा. अर्धा दात उघडा दिसला की तिचे दिवस भरले.

बल्बमध्ये अडचण त्याच्या देशाची किंवा टिकाऊपणाची नाही, प्रकाश कुठे पडतो याची आहे. तुमच्या गाडीचा रिफ्लेक्टर हॅलोजन बल्बच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला आहे. तुमच्या डब्यातला बल्ब एलईडीचा असेल, तर तो त्यात बसवला की प्रकाश निघण्याची जागा बदलते, आणि तो रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तुम्हाला उजेड वाढल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात दूरचा खड्डा कमी दिसतो. जास्त वॅटचा हॅलोजन बसवला तर होल्डर वितळतो, कारण या वर्गातल्या बहुतेक गाड्यांचे होल्डर आणि वायरिंग ३५ वॅटच्या हिशेबाने असतात. जसा होता तसाच, ओळखीच्या कंपनीचा बल्ब घ्या. तो दीडशे-दोनशे रुपयांत येतो.

कायद्याचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण याच वाटेने जाणाऱ्या इतर वाचकांसाठी दोन वाक्ये लिहितो. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा, त्याच प्रकारचा भाग बसवणे हा बदल मानला जात नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून फेरफार करता येत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा भाग बसवणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात ते आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. त्यावर आणखी लिहीत नाही.

आता पैशांकडे वळू, कारण तुमची ओढाताण खरी आहे आणि ४,४०० रुपये एकदम काढणे सोपे नाही. तुम्ही असे धरून चालला आहात की एका बाजूला कंपनीच्या शोरूमचा महाग भाग आणि दुसऱ्या बाजूला तो बेनामी डबा, याखेरीज पर्याय नाही. पण मधली वाट आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रात चांगली रुंद आहे. गाडी बनवणारी कंपनी ब्रेक, क्लच, शॉकॲबसॉर्बर, बेअरिंग, चेन बहुधा स्वतः बनवत नाही. ते पुरवठादारांकडून घेते. यातले अनेक पुरवठादार तेच भाग स्वतःच्या नावानेही बाजारात विकतात. वाळूजची एन्ड्युरन्स ब्रेक आणि क्लच बनवते, चिंचवडला एसकेएफची बेअरिंग बनतात, कोइंबतूरच्या एल. जी. बालकृष्णन कंपनीची रोलॉन चेन गॅरेजवाल्यांच्या ओळखीची आहे. तुमच्या जुन्या पॅडवर, कॅलिपरवर, चेनच्या कडीवर कोणाचे नाव कोरले आहे ते पाहा आणि त्याच नावाचा भाग मागा. तो शोरूमपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतो, आणि त्याच्यामागे नाव, पत्ता व कारखाना असतो.

एक सावधगिरी मात्र इथे हवी. प्रसिद्ध नावाचा डबा निम्म्या किमतीत मिळत असेल, तर तो बेनामी डब्यापेक्षाही धोकादायक समजा. बेनामी माल निदान खोटे नाव सांगत नाही. नकली माल दुसऱ्याचे नाव चोरून तुमचा विश्वास मिळवतो, म्हणूनच त्याच्याबाबत आपण गाफील राहतो. पुण्याची नाना पेठ असो की दिल्लीचे करोल बाग, चांगली आणि वाईट दुकाने शेजारी-शेजारी असतात. पक्के बिल देणाऱ्या, अधिकृत वितरकाकडून माल आणणाऱ्या दुकानातून घ्या, डब्यावरचा होलोग्राम किंवा कोड कंपनीच्या ॲपवर तपासता येत असेल तर तिथेच उभे राहून तपासा, आणि बिलावर भागाचे नाव व क्रमांक लिहून घ्या. "ओरिजिनल आहे" असे तोंडी सांगणारा दुकानदार बिलावर तसे लिहायला कचरत असेल, तर तिथेच काय ते समजावे.

सगळे काम एकाच दिवशी करायची गरज नाही, हेही मनावर घ्या. या महिन्यात पॅड, शू, लिव्हर आणि बल्ब. चेन अर्धा दात दाखवत नसेल तर साफ करून, ताण नीट करून पुढच्या महिन्यापर्यंत चालवा. आरसे आहेतच. असा हप्ता पाडला तर पहिल्या महिन्याचा बोजा तुम्ही आता भरलेल्या १,७०० रुपयांच्या आसपासच राहील, आणि त्यातले बरेचसे पैसे परताव्यातून येतील.

गॅरेजवाल्यांना दुखवायचे नाही, असे तुमच्या पत्रातून जाणवते. त्यांचा धंदा समजून घ्या: मजुरी थोडी असते, त्यांना सुटतात ते पैसे सुट्या भागांवर. म्हणून भाग तुम्ही आणला की त्यांची कमाई जाते, आणि कधीकधी त्यातूनच "सगळे सारखेच असते" हे वाक्य येते. सरळ सांगा, "भाग मी आणतो, मजुरी तुमच्या नेहमीच्या दरापेक्षा शंभर-दोनशे जास्त घ्या, पण ब्रेक तुमच्याच हाताने नीट बसवून द्या." बहुतेक कारागीर यावर खूष होतात. काढलेले जुने भाग मागून घ्या आणि घरी ठेवा. पुढच्या वेळी नाव जुळवायला ते उपयोगी पडतात.

परतीचे काम आजच करा. डबे उघडण्याआधीचे आणि उघडल्यानंतरचे फोटो काढा, आयातदाराचे नाव व मूळ देश छापलेला नाही हे परतीच्या कारणात लिहा, आणि विक्रेत्याने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुढे जावे लागले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तुम्ही राहता तिथूनच, दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. एवढ्याशा रकमेसाठी कोण जाणार, असे तुम्हाला वाटेल. बहुतेक वेळा हेल्पलाइनवर नोंद होताच विक्रेता नरमतो.

आणि शेवटी बसवण्याबद्दल, कारण उत्तम पॅड चुकीचा बसवला तर तोही दगा देतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर याच वेळी बदलून घ्या. ते हवेतली ओल शोषते, आणि ओल शोषलेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ या प्रकारचे ताजे ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ही किमान हद्द १५५ पर्यंत उतरते. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्याच प्रकारचे ऑइल भरा. कॅलिपर साफ करताना पॅडच्या भुकटीवर हवा मारू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. जुन्या आणि स्वस्त लायनिंगमध्ये काय काय असते ते डब्यावर लिहिलेले नसते. काम झाल्यावर गाडी सुरू करण्याआधी उभ्या जागी लिव्हर पाच-सहा वेळा दाबून तो कडक होतो का पाहा, पुढचे चाक उचलून हाताने फिरवा, आणि पुढचा व मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून दोन्ही वेळा मागचा दिवा लागतो याची खात्री करा. नवा पॅड डिस्कवर बसायला थोडा वेळ घेतो आणि तोवर पकड कमी असते, म्हणून काम शनिवारी संध्याकाळी करून घ्या, रविवारी सपाट, मोकळ्या रस्त्यावर एकट्याने मध्यम वेगाने वीस-पंचवीस वेळा हलके-हलके ब्रेक लावा, मध्ये डिस्क थंड होऊ द्या, आणि घाट सोमवारीच गाठा. उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनचा आधार घ्या. महिन्याभराने, पंधराशे-दोन हजार किलोमीटर झाल्यावर, पॅड आणि चेनचा ताण पुन्हा एकदा डोळ्यांखालून घाला.